चौसष्टावा जबडा

१

सोमवारी सकाळी निंबानं दुकानाचं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि वहाणेखाली काहीतरी ओल्या खडूसारखं चुरडलं. आधी वाटलं, चुना सांडला असेल. मग डोळे आतल्या काळोखाला सरावले. जमिनीवर दात पडले होते. पांढरे, प्लास्टरचे, शेकडो दात. कुणाचे सुळे, कुणाच्या दाढा, कुणाची अर्धी हिरडी. आणि भिंतीवरची लांब फळी मोकळी होती.

निंबा उंबऱ्यातच खाली बसला.

बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या त्या गल्लीत वामन मास्तरांचं दातांचं दुकान तीस वर्षांचं. मास्तर पहिल्या लढाईच्या दिवसांत महूच्या छावणीत एका गोऱ्या दंतवैद्याच्या हाताखाली शिकले, आणि निंबा मास्तरांच्या हाताखाली. तापीकाठच्या केळीच्या मळ्यातून चौदाव्या वर्षी आला, आता बत्तीसचा झाला. पहिलं वर्ष नुसती हत्यारं उकळली. दुसरं वर्ष साबणाच्या वड्यांतून दाढा कोरल्या. तिसऱ्या वर्षी खाटकाकडून बकऱ्यांची मुंडकी आणून दात उपटायचं जंबूर धरायला शिकला. मग माणसाचं तोंड.

कवळी करायची तर तोंडाचं माप मऊ मेणात घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, आणि जो पांढरा जबडा निघेल त्यावर कवळी बेतायची. कवळी गिऱ्हाइकाची, जबडा दुकानाचा. वरचा आणि खालचा जोडीनं दोऱ्यात बांधून फळीवर ठेवायचा. तळाशी नाव, तारीख, आणि ज्यानं माप घेतलं त्याचा अंगठा. निंबाच्या अंगठ्यावर लहानपणी केळीचा घड उतरवताना लागलेल्या विळ्याचा आडवा वण होता. तो वण त्या फळीवर चौसष्ट वेळा उमटला होता.

आणि तेच आज हवं होतं. सरकारनं दातांचं काम करणाऱ्यांची यादी करायला घेतली होती. ज्याच्याजवळ कॉलेजची पदवी नाही, त्यानं अठ्ठेचाळीस सालाआधी पाच वर्षं आपण हेच काम करत होतो याचा पुरावा द्यायचा. नाही तर दुकानाला टाळं. गुरूची साक्ष चालणार नाही, ती घरची, असं नागपूरहून आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. बुधवारी, छप्पन सालच्या एकतीस ऑक्टोबरला, खंडव्याचे सिव्हिल सर्जन येऊन जबडे पाहणार, सही करणार. गुरुवारी राज्यच बदलणार होतं. नागपूर मुंबईकडे, बुरहानपूर भोपाळकडे. नागपूरच्या कपाटातला निंबाचा कागद त्यानंतर कुणाचा राहणार, हे नागपूरलाही ठाऊक नव्हतं.

मळ्यातला वाटा त्यानं केव्हाच थोरल्या भावाला, सुपडूला, लिहून दिला होता. या दोन हातांखेरीज त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि बुधवारनंतर ते हातही बेकायदेशीर ठरणार होते.

परवाच तर तो मास्तरांना म्हणाला होता, “साहेबाला पहिला मायचा जबडा दाखवीन. माझं पहिलं माप.”

मायचा, सोजरबाईचा जबडा, बेचाळीसच्या जानेवारीतला. त्या दिवशी दुकानातला लाल दोरा संपला होता, म्हणून तिनं आपल्या लुगड्याच्या हिरव्या किनारीची चिंधी फाडून दिली होती. बाकी त्रेसष्ट जोड्या लाल दोऱ्यात, तेवढी एक हिरव्या चिंधीत. कवळी बसली तेव्हा माय गावभर गात हिंडली:

*दात माझे गेले, जशी पाखरं उडाली,*
*लेकानं गं माझ्या, पुन्हा ओळीनं बसवली.*

पुढं तिला गालाचा रोग झाला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्रेचाळीसच्या श्रावणात ती गेली, आणि तोंडभर हसणाऱ्या मायची खूण म्हणून तेवढा तो जबडा उरला. आता तोही या चुऱ्यात कुठेतरी.

जिन्यावर पावलं वाजली. मास्तर भिंत धरत धरत खाली उतरले. सत्तरीचे, तोंडात स्वतःचे बत्तीस दात, पण हात चार वर्षांपासून वाऱ्यातल्या केळीच्या पानासारखे थरथरायचे. पाण्याचा पेला धरवत नसे, मानही हलत राहायची. त्यांनी फळीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. ओठांच्या कडेला लालसर डाग होता. विडा खाल्लाय वाटतं, असं निंबाच्या मनात येऊन गेलं आणि तो विचार तसाच विरला.

मागून मास्तरांची लेक सुमन आली. मुलींच्या मराठी शाळेत शिकवायची. नवरा वारल्यापासून इथेच.

“अगं बाई! लोक दिवाळीत फटाके फोडतात, आणि इथं...” ती बोलता बोलता थांबली. “निंबाभाऊ, कुलूप कुणी तोडलं?”

निंबानं हातातलं कुलूप वर धरलं.

“तोडलं नाही, ताई. मी आत्ता किल्लीनं उघडलं.”

२

किल्ल्या दोनच. एक निंबाच्या करगोट्याला, आणि तो तर शनिवारपासून नेपानगरला होता, कागद कारखान्यातल्या दोघा फोरमनच्या कवळ्या बसवायला. दुसरी वरच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. ती आताही तिथंच लटकत होती.

“म्हणजे घरात येऊन कुणीतरी ती नेली आणि परत ठेवली,” सुमन म्हणाली. “कालच. मी बारापासून दिवेलागणीपर्यंत गोदाबाईंकडे करंज्या लाटत होते. काकांना भेटायला म्हणून विनायक जेवायला आला होता, मी निघाले तेव्हा बाबांशी बोलत बसला होता. आणि हो, कडू येऊन गेला.”

“कडू? तो वेशीवरचा दात उपटणारा? इथं?”

“तुला विचारत होता. मी गोदाबाईंच्या ओट्यावरून सांगितलं, नाहीये. गेला नाही लगेच. घुटमळला.”

“आणि मास्तर?”

“बाबा दुपारी झोपतात. त्यांना काय कळतंय.”

शेजारच्या गोदाबाई तेवढ्यात बोटाला तंबाखूची मिसरी लावून दारात आल्याच होत्या. मास्तरांना पाहून त्यांनी बोट पदराआड केलं.

“लपवू नका, दिसलं,” मास्तर पुटपुटले.

“पाहा ना! या घरात विडा नाही, तंबाखू नाही, मिसरी नाही. मास्तरांपुढं माणसानं दात घासायचे तरी कशानं?” गोदाबाई फणकारल्या. मग आवाज उतरला. “पण निंबा, मी दिवसभर या भिंतीला टेकून बसले होते. इकडं उंदीर खुडबुडला तरी मला ऐकू येतं. एवढे जबडे फुटले, आणि काल मला एक आवाज नाही आला. हे कसं रे?”

निंबाही स्वतःला तेच विचारत होता. प्लास्टर फुटतं तेव्हा कपबशीसारखं वाजतं. त्यानं एक तुकडा उचलला. जड होता. गार होता. नख दाबलं तर रुतलं.

तो कोपऱ्यातल्या घंगाळाशी गेला. पाणी निवळलेलं होतं, पण तळाशी बोटभर पांढरा गाळ होता.

ज्यानं हे केलं त्यानं आधी प्रत्येक जबडा पाण्यात भिजवला होता. भिजलेलं प्लास्टर वाजत नाही, उडत नाही, मुकाट्यानं फुटतं. शिवाय नाव, तारीख आणि अंगठा असलेली तळाची बाजू खलबत्त्यात वेगळी घोटली होती, पार पीठ होईपर्यंत.

चोर नव्हता तो. कारागीर होता.

३

कडू शनवाऱ्याच्या वेशीशी पोतं पसरून बसायचा. समोर उपटलेल्या दातांचा ढीग, एक आरसा, एक जंबूर, लवंगेच्या तेलाची बाटली. निंबाला पाहून तो उठलाच नाही.

“आओ, डाक्टरसाब! काय, बुधवारला साहेब येणार म्हणे तुमच्याकडे. आमच्याकडे काहून नाही येत?”

“काल दुकानाशी कशाला आला होतास?”

“काहून? रस्ता तुझ्या बापाचा आहे काय?” मग तो ओशाळला. “दोन जबडे मागायला आलो होतो, भाऊ. दोनच. तुझ्याकडं साठ-सत्तर. दोनावर माझं नाव टाकलं असतं तं माझंही यादीत नाव आलं असतं. तू मागं नाही म्हणला, म्हटलं मास्तरले विचारू.”

“विचारलंस?”

“दार बंद होतं. आवाज दिला, कुणी बोललं नाही.”

निंबानं खिशातला ओला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. “फुटले सगळे. भिजवून फोडले.”

कडूनं तुकडा बोटांत फिरवला, वास घेतला. “भिजवून? भिजवल्यावर फोडायचं काय राहिलं? विरघळून नाही जात? गुळावानी?”

निंबा त्याच्याकडे बघत राहिला. वीस वर्षं लोकांचे दात उपटणाऱ्या या माणसानं उभ्या जन्मात प्लास्टर भिजवलं नव्हतं. तो खोटं बोलत असता तर याहून शहाणं बोलला असता.

“जा, विनायकले पूस,” कडू मागून ओरडला. “तुझं टाळं लागलं तं लाडू कोण खाईल?”

लालबागेत स्टेशनच्या वाटेवर विनायकची पाटी होती. मास्तरांचा पुतण्या, मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेला. खुर्ची पायानं वरखाली होणारी, दिवा मान वळवणारा.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “वाईट झालं. तू मलाच धरणार हेही ठाऊक होतं.”

“काल तुम्ही घरी होता.”

“जेवलो, काकांशी बोललो, दोनला निघालो. काका कसलेसे विचारात होते. मला विचारत होते, प्लास्टरच्या जबड्यावरून कुणाला रोग ओळखता येतो का. मी म्हटलं, डोळे असतील तर येतो.” त्यानं कपाटातून जबड्याची एक जोडी काढली आणि बोलता बोलता तिचा दोरा कात्रीनं कचकन कापला. दोऱ्याचे तुकडे टोपलीत फेकले. “निंबा, स्पष्ट सांगू? मला तुझी भीती नाही. तुझी गिऱ्हाइकं माझ्या पायऱ्या चढणारी नाहीत. आणि साहेबाला चौसष्ट कशाला हवेत? तारखेचा आणि तुझ्या अंगठ्याचा एक जरी सापडला तरी सही होईल. एक शोध. नाहीच सापडला तर माझ्याकडे ये. हत्यारं उकळायला माणूस हवाच आहे.”

हत्यारं उकळायला. अठरा वर्षांचं वर्तुळ पुरं करून पुन्हा पहिल्या वर्षाला.

निंबा जिना उतरला. रस्त्यावर आकाशकंदील विकणारे बसले होते. अर्ध्या वाटेवर तो एकाएकी उभा राहिला. टोपलीत पडलेले ते कापलेले दोऱ्याचे तुकडे त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दुकानातल्या चुऱ्यात त्याला एकही दोरा दिसला नव्हता.

४

दारामागच्या खुंटीला दोऱ्याची लडी अडकवलेली होती. नीट गुंडाळलेली, लाल, ओलसर. बुरहानपूरच्या रंगाऱ्याकडचा कच्चा लाल. पाणी लागलं की सुटणारा.

दोरा कापायचा नाही, सोडायचा. मास्तरांनी निंबाला शिकवलेली ही पहिली गोष्ट. “ज्याला गाठ सोडायचा धीर नाही,” ते म्हणायचे, “त्यानं माणसाच्या तोंडात हात घालू नये.” कुणीतरी काल इथं बसून एकेक गाठ सोडली होती. एवढा नाश करायला बसलेल्या माणसानंही दोरा वाया जाऊ दिला नव्हता. सवय मोडता आली नव्हती त्याला.

अशी सवय असलेली माणसं जगात दोन होती. एक निंबा.

छे. मास्तरांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही. सुमनताई लावते. ते गाठ कशी सोडतील?

त्यानं लडी उलगडली. दोरे मोजले. त्रेसष्ट. पुन्हा मोजले. त्रेसष्ट, सगळे लाल. मग फळीशी जाऊन पाहिलं. धुळीत जोड्यांच्या खुणा उमटल्या होत्या, त्या चौसष्ट.

हिरवी चिंधी नव्हती.

मग तो जमिनीवर बसला आणि तुकडे निवडू लागला. सोमवारची दुपार गेली, मंगळवारची सकाळ गेली. गल्लीत पोरं किल्ला बांधत होती. निंबा दात लावत होता. हा गिरधर शेटजींचा सुळा, ही रंभाबाईची घासलेली दाढ. मायचा खालचा एक दात शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपल्यासारखा तिरपा होता. तो दात त्याला हजारांत ओळखू आला असता.

तो कुठेच नव्हता.

म्हणजे त्रेसष्ट फोडले ते एक गेलेला कळू नये म्हणून. सगळ्या फळीत निंबाला जो सर्वांत प्रिय, तोच कुणीतरी नेला होता. कशासाठी? मायच्या तोंडात असं काय होतं, की ज्यासाठी त्याच्या अठरा वर्षांचं पीठ करावं?

वरून सुमनची हाक आली. “निंबाभाऊ, चहा! आणि बाबांना एकदा समजाव रे. काल रात्री जेवले नाहीत, आज नाहीत. रविवारी संध्याकाळी मी आले तेव्हा ओठ लाल! म्हटलं, बाबा, तुम्ही आणि विडा? तर अंगावर आले माझ्या.”

निंबाच्या हातातला तुकडा खाली पडला.

या घरात विडा नाही.

५

मास्तर खिडकीशी आरामखुर्चीत होते. निंबा चहा न घेता त्यांच्यासमोर बसला. सुमन दारात उभी राहिली.

“मास्तर,” निंबा म्हणाला, “तोंड उघडा.”

अठरा वर्षांत शिष्यानं गुरूला हे कधी म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्यानं मान मागं टेकवली आणि गिऱ्हाइकासारखं तोंड उघडलं.

निंबानं छोटा आरसा आत धरला. सत्तरीतले बत्तीस दात, सगळे जागेवर. खालच्या पुढच्या दोन दातांच्या फटीत केसाएवढा लाल धागा अडकला होता.

“हात चालत नाहीत, म्हणून गाठी दातांनी सोडल्यात,” तो म्हणाला. “त्रेसष्ट गाठी. खलबत्ता काय, थरथरत्या हातानंही चालतो. कडूनं हाक मारली तेव्हा तुम्ही झोपला नव्हता, आत होता. मायचा जबडा कुठं आहे?”

“बाबा?” सुमनचा हात तोंडावर गेला.

मास्तरांचे डोळे माळ्याखाली ठेवलेल्या तांब्याच्या हंड्याकडे गेले. जुन्या काळी त्यात कवळीचं रबर शिजवायचे. आता कुणी हात लावत नसे. निंबानं झाकण काढलं. आत मास्तरांच्या काळ्या टोपीत गुंडाळलेला जबडा होता. हिरवी चिंधी तशीच. ती गाठ सुटलेली नव्हती.

“तो फोडवला नाही,” मास्तर म्हणाले. “तीनदा पाण्यात घातला, तीनदा काढला. निंबा, तो मला दे. उघडू नको. नोकरी कर विनायककडे, शेतावर जा, काहीही कर. उघडू नको.”

निंबानं गाठ सोडली.

वरचा जबडा बाजूला ठेवला. खालचा खिडकीकडे धरला. तिरपा दात. पुढं रिकाम्या जागा. उजव्या अंगाला, हिरडी आणि गाल मिळतात त्या खोबणीत, जिथं बायका मिसरी दाबून ठेवतात तिथं, गव्हाच्या दाण्याएवढा उंचवटा. खडबडीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा. अर्धा चाकूनं खरवडलेला.

आणि त्याला तो दिवस आठवला. माय खुर्चीत बसलेली, पदर ओठांवर. मिसरीनं काळं पडलेलं तोंड लेकाच्या गुरूसमोर उघडायची तिला लाज. “लवकर घे रे बाबा,” म्हणाली होती. मास्तरांचा नियम होता, आधी तोंड धुवायला लावायचं, मग हिरडीवरून, गालाच्या आतून बोट फिरवायचं, मगच मेण. पण मायच्या तोंडात बोट कसं घालायचं? अठरा वर्षांचा होता तो. तिची लाज त्याला लागली. नजर वळवून त्यानं तसंच मेण दाबलं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर काढलं तेव्हा हा दाणा दिसला. “बुडबुडा आलाय, मास्तर,” तो म्हणाला आणि चाकूनं खरवडू लागला. मेणात हवा राहिली की असे दाणे येतातच.

“मी म्हटलं, राहू दे,” मास्तर म्हणाले. “कवळी तिथवर येत नाही. माप छान आलंय, म्हटलं. शाबासकी दिली तुला.”

खाली पोरं किल्ल्यावरून भांडत होती.

“दीड वर्षानं तू तिला गाडीत घालून आणलीस, गालाला भोक पडलेलं. त्या संध्याकाळी मी हा उतरवून पाहिला. बुडबुडा नव्हता तो. मग मागच्या रांगेत सारला, भिंतीकडे तोंड करून. साहेबाच्या हाती पहिला हाच देणार म्हणालास, तेव्हा माझं पाणी झालं. तो माणूस तुझ्यादेखत विचारणार, हे काय?”

“मला वाचवायचं होतं, का स्वतःला?”

“ते मला आता वेगळं काढता येत नाही,” म्हातारा म्हणाला.

“मास्तर, तेव्हा कळलं असतं, मुंबईला नेली असती, तर वाचली असती?”

मास्तरांची मान हलत होती. पण ती तर नेहमीच हलायची.

६

बुधवारी अकराला सर्जनसाहेब आले. आपली स्वतःची बदली कोणत्या राज्यात होणार हे त्यांनाही अजून कळलेलं नव्हतं. सारखं घड्याळ बघत होते. निंबानं दुकान झाडून घेतलं होतं. टेबलावर एकच जोडी होती.

सुमन काल एवढंच म्हणाली होती, “तो तुझ्या मायनं तुला दिलेला आहे. काय करायचं ते तू ठरव.” रात्रभर तो जबडा त्याच्या उशाशी होता. फोडला असता तर जगात कुणालाच कधी कळलं नसतं, त्याला सोडून.

“एकच?” साहेब म्हणाले.

“बाकीचे फुटले, साहेब.”

साहेबांनी तळ पाहिला. सोजरबाई, जानेवारी बेचाळीस. निंबाला प्लास्टरच्या खुणेवर अंगठा ठेवायला लावला. वणाला वण मिळाला. अंगठा मात्र आता थोडा मोठा झाला होता.

“ठीक.” त्यांनी जबडा उजेडात फिरवला. एका जागी त्यांचं बोट थांबलं. मागं आलं. पुन्हा तिथंच थांबलं. “हे काय आहे?”

“तेव्हा मला बुडबुडा वाटला होता.”

“आणि आता?”

निंबानं हिरवी चिंधी बोटाला गुंडाळली.

“बाई हयात आहे?”

“माझी माय होती, साहेब. पुढच्या वर्षी श्रावणात गेली.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पेनचं टोपण काढून त्यांनी सही केली आणि शिक्का मारला.

“माप फार सुरेख घेतलंय,” ते उठताना म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. “काही म्हणता काही सुटलेलं नाही.”

ते गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवर मास्तर बसून होते. निंबानं कागद वर करून दाखवला. त्यांनी पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते पुन्हा त्या दुकानात कधी उतरले नाहीत.

संध्याकाळी गोदाबाई करंज्यांचं ताट घेऊन आल्या. “झाली म्हणे सही! मग आता सरकारी डाक्टर झालास. बघ माझी एक दाढ, दिवाळीतच ठणकायला लागली मेली.” खुर्चीत बसल्या आणि सवयीनं पदर ओठांवर ओढला. “मिसरी लावलीय हं आत्ताच. तसंच बघ.”

“पदर काढा,” निंबा म्हणाला. “चूळ भरा. पुन्हा भरा.”

मग त्यानं दिवा जवळ ओढला आणि बोट आत घातलं. उजव्या दाढेपासून, हिरडीवरून, गालाच्या खोबणीतून, जिभेखालून, डाव्या दाढेपर्यंत. काही नव्हतं. ठणकणारी दाढ सापडली, तिथंच होती. बोट तरी थांबलं नाही. पुन्हा उजवीकडून निघालं. पुन्हा पोचलं. पुन्हा निघालं.

“अरे,” गोदाबाई अर्ध्या तोंडानं म्हणाल्या, “किती वेळ रे? सापडली ना दाढ?”

“थांब, माय,” निंबा म्हणाला. “अजून एकदा.”